लाल रिंग, निळी रिंग

बायकोचं आपल्यावर प्रेम आहे की नाही, हे नवरे कशावरून ताडतील याचा नेम नाही. कुणी डब्यातल्या भाजीवरून ताडतो, कुणी तिने फोन किती वेळाने उचलला त्यावरून. फौजदार ते ड्रिलच्या आकड्यावरून ताडायचा.

फौजदार म्हणजे पोलीसबिलीस कुणी नव्हे. तो कारखान्यातल्या चार नंबरच्या, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवरचा ऑपरेटर. मिशी भरघोस, आणि कोण किती वाजता चहाला उठलं, कुणाच्या टेबलावर नवा मग कुठून आला, याची चौकशी केल्याशिवाय त्याला घास गिळत नसे. म्हणून हे नाव पडलं आणि असं चिकटलं की हजेरी घेणाराही त्याचं खरं नाव आठवायला क्षणभर थांबायचा.

चार नंबरवर दिवसभर एकच काम चाले. पोलादाची जाड गोल चकती यायची, तिला आठ भोकं पाडायची, की झाला एक नग. भोकं पाडणारं ड्रिल बोटाएवढं, पण फार महागामोलाचं. बोथट झालं म्हणून कुणी फेकत नाही. ते शेडच्या टोकाला काचेच्या खिडकीच्या छोट्या खोलीत जातं, तिथे त्याला पुन्हा धार लागते आणि प्लास्टिकच्या नळीत बसून ते परत येतं. त्या खोलीतल्या ग्राइंडरवर फौजदाराची बायको बसायची. तिच्या वडिलांनी हेच काम केलं होतं, हात त्यांचाच आला होता. सगळा कारखाना तिला धारवाली म्हणत असे.

कुठलं ड्रिल कुठल्या मशीनचं ते कळावं म्हणून त्याच्या मानेवर रंगीत रिंग असायची. चार नंबरची लाल, सात नंबरची निळी. दोन्ही मशीनवर काम तेच, चकत्या त्याच, ड्रिलंही एकाच पेटीतून आलेली. एका धारेत किती नग झाले ते मशीन स्वतः मोजतं आणि तीनशे झाले की थांबून नवीन धार मागतं. त्याआधीच आवाज बदलला, भोकाच्या कडेला काटे उठायला लागले, तर ऑपरेटरने ड्रिल काढायचं आणि चहाच्या टेबलाजवळच्या फळ्यावर आकडा लिहायचा. फळा सगळ्यांना दिसतो. सगळं दुखणं त्या फळ्यातच होतं.

सातच्या रकान्यात तीनशे, तीनशे, दोनशे अठ्ठ्याण्णव, तीनशे. चारच्या रकान्यात दोनशे दहा, दोनशे चौदा, दोनशे सहा.

पूर्वी असं नव्हतं. चारवरही तीनशे निघायचे. आकडा उतरायला लागला त्याला सहा महिने झाले होते, आणि सहा महिन्यांपूर्वी काय झालं? सहा महिन्यांपूर्वी सातवर गवई आला. फौजदाराला आणखी पुरावा नको होता. धार लावणारी तीच, ड्रिल तेच, मग निळ्या रिंगेला तीनशे आणि लाल रिंगेला दोनशे दहा का? कारण उघड होतं. लावणारीचं मन कुठे लागलंय ते धारेत उतरतंय.

गवई देखणा असता तर फौजदाराने एकवेळ समजून घेतलं असतं. पण तो डोक्याने तुळतुळीत, पुढच्या दोन दातांत फट, आणि शर्टाचं एक बटण कायम भलत्याच काजात. फक्त गळा गोड. मशीन चालू असताना तो गुणगुणायचा आणि आजूबाजूची माणसं आपले हात जरा सावकाश चालवायची. अशा माणसावर जळावं लागतंय याचीच फौजदाराला जास्त लाज वाटे, आणि लाजेने जळफळाट कमी होत नाही, वाढतो.

त्यात गवईची एक खोड. बाकीचे ऑपरेटर बोथट ड्रिल ट्रॉलीत टाकून मोकळे होतात. फौजदार तर लांबूनच फेकायचा. गवई मात्र आपलं ड्रिल फडक्यात गुंडाळून स्वतः धारेच्या खोलीत नेऊन द्यायचा. दारात उभा राहायचा. दोन शब्द बोलायचा. तो आल्याच्या पहिल्याच आठवड्यात फौजदाराने आपल्या डोळ्यांनी पाहिलं, ती भिंगातून ड्रिल बघत होती आणि मान न उचलता हसली. घरी ती हसत नव्हती असं नाही. पण तशी, काम करता करता हसलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

तेव्हापासून फौजदाराची गस्त सुरू झाली. मशीनच्या पॅनेलवर वेगाचं एक गोल बटण असतं. शंभरावर ठेवलं की मशीन ठरल्या चालीने चालतं. फौजदार ते एकशे तीसवर नेऊन ठेवायचा. बरेच जण ठेवतात, त्यात काही विशेष नाही. तासाचे नग तास भरायच्या आत उरकायचे, आणि वाचलेल्या दहा-बारा मिनिटांत पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने शेडच्या टोकाला जाऊन यायचं. नळ खिडकीच्या समोरच होता. इतकं पाणी पिणारा माणूस कारखान्याने दुसरा पाहिला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीचं तर विचारूच नका. पूर्वी दोघं जिन्याखालच्या बाकावर एकत्र डबा उघडायची. गेले चारेक महिने ती म्हणायची, "तुम्ही जेवून घ्या. माझं जरा काम राहिलंय."

"रोज?"

"रोजच येतं हो काम. मी काय करू?"

तो एकटाच बाकावर बसे आणि घास चावता चावता गवई कुठे बसलाय ते शोधे. गवई दिसला तरी पंचाईत, कारण हा इथे जेवतोय म्हणजे नुकताच तिकडून आला असणार. न दिसला तर बोलायलाच नको.

एका संध्याकाळी घरी तो स्वयंपाकघरात टोमॅटो कापायला बसला. सुरी टोमॅटोवर नुसती घसरत होती.

"जगाला धार लावतेस आणि घरात ही सुरी," तो म्हणाला. "टोमॅटो नुसता चेपतोय. कापला जात नाही."

"घरात धारेची कमी आहे का? तुमची जीभ आहे ना," ती म्हणाली. अभ्यासाला बसलेली पोरगी खुदकन हसली.

एरवी तोही हसला असता. त्या दिवशी त्याने सुरी ठेवली, हात धुतले आणि न जेवता उठून गेला. घरातली सुरी बोथट, घरचं ड्रिल दोनशे दहा. परक्याला तीनशे. सुतावरून स्वर्ग गाठायला माणसाला किती वेळ लागतो?

सोमवारी सकाळी तो सुपरवायझर साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, धार समान लागत नाही," तो म्हणाला. "फळा बघा. चारवर दोनशे दहा, सातवर तीनशे. माणूस बघून धार लावली तर काम कसं चालायचं?"

साहेब शांत माणूस. त्यांनी चष्मा वर सरकवला. "तुमच्या मिसेसची तक्रार करताय तुम्ही?"

"मी आकड्यांची तक्रार करतोय."

"आकडे तर मलाही दिसतायत," साहेब म्हणाले. "खरं सांगायचं तर वरून विचारणा झालीच आहे. धार लावायचं काम बाहेर द्यायचं का, म्हणून. मी त्यांच्यामुळेच अडवून धरलं होतं. पण ऑपरेटरच असं म्हणत असतील तर प्रश्नच मिटला. बाईंना पॅकिंगला घेऊ. शनिवारी ठरवतो."

फौजदार बाहेर आला आणि मशीनकडे न जाता दारातच उभा राहिला. धारेची खोली म्हणजे तिचा जीव होता. ग्राइंडरचं चाक फिरायला लागलं की ती जगाला विसरायची; लग्नाच्या आधी तिने अटच घातली होती की हे काम सोडणार नाही. तिला नुसती समज मिळावी एवढंच त्याच्या मनात होतं, असं तो स्वतःला सांगत राहिला. पण मनाच्या तळाशी एक आवाज म्हणत होता की पॅकिंगचा हॉल भिंतीपलीकडे आहे, तिथे सगळ्या बायकाच आहेत आणि तिथे कुणी फडक्यात गुंडाळून काही घेऊन जात नाही. तो आवाज त्याला गोड लागला, हे तो नाकारू शकला नाही.

तरी शनिवारी कुणी उलट बोलायला नको म्हणून त्याने पक्का पुरावा करायचं ठरवलं. बुधवारी सकाळी धारेच्या खोलीबाहेरच्या रॅकवर दोन नळ्या तयार होत्या, एक लाल, एक निळी. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्याने दोन्ही ड्रिलं काढली, रिंगा उतरवल्या आणि लालची निळी, निळीची लाल केली. आता गवईसाठी लावलेली धार चारवर चालणार होती आणि त्याच्यासाठी लावलेली सातवर. चारवर तीनशे निघाले आणि सातवर दोनशे दहा, की झालं. चोर मुद्देमालासकट सापडणार.

तासाभराने लाल रिंगेची नळी चारवर आली तेव्हा त्याने ते ड्रिल मशीनमध्ये लावलं, लांबी मोजून घेतली, बटण एकशे तीसवर नेलं आणि कान टवकारून बसला. शंभर झाले. सव्वाशेला आवाज जरा कोरडा झाला. एकशे चाळीसला भोकांच्या कडेला काटे उठले आणि ड्रिल किंचाळायला लागलं.

एकशे चाळीस!

फौजदार हातातल्या ड्रिलकडे बघत राहिला. दुसरा कुणी असता तर इथे थांबून विचार केला असता. पण संशयाला विचार करायला वेळ नसतो. हिला कळलं, एवढंच त्याच्या मनात आलं. रिंगा बदलल्याचं हिला कळलं, हिने त्या परत बदलल्या, वर आणखी बोथट धार लावून माझ्या माथी मारली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी त्याने सहा बाटल्या पाणी भरलं.

गुरुवारी सातवर तीनशे झाले आणि मशीन थांबलं. गवईने ड्रिल काढून उजेडात धरलं, पुन्हा धरलं, आणि साहेबांना बोलावून आणलं. दोघं काहीतरी बोलले. तेच ड्रिल परत लागलं. शुक्रवारी दुपारी गवईने फळ्यावर आकडा लिहिला तेव्हा चहाच्या टेबलाजवळ माणसं गोळा झाली. तीनशे चौऱ्याऐंशी.

शनिवारी सकाळी साहेबांनी फौजदार आणि गवई दोघांना धारेच्या खोलीत बोलावलं. ती स्टुलावर बसली होती, हातमोजे मांडीवर. गवईने फडकं उलगडून ड्रिल तिच्यासमोर ठेवलं.

"वहिनी, या खेपेला केलंत तरी काय?" तो म्हणाला. "तीनशे चौऱ्याऐंशी! साहेब म्हणाले म्हणून काढलं, नाहीतर अजून चाललं असतं. गेले सहा महिने रोज तुमच्या हातची ड्रिलं चालवतोय, पण असलं मला एकदाही मिळालं नाही."

तिने ड्रिल भिंगाखाली धरलं. थोडं फिरवलं. कपाळाला आठी पडली.

"हे तुमचं नाही भाऊ," ती म्हणाली. "हे आमच्या ह्यांचं आहे."

फौजदाराच्या तोंडचं पाणी पळालं.

"रिंग निळी आहे," साहेब म्हणाले.

"रिंग असू दे. ह्याची कड बघा ना." तिने भिंग साहेबांकडे सरकवलं. "ही कड मशीनवर होत नाही. डायमंडच्या बारीक फाइलने, म्हणजे कानशीने, हाताने मारावी लागते, एकेका ड्रिलला वीस-पंचवीस मिनिटं जातात. सगळ्यांना कशी पुरी पडणार? मी फक्त ह्यांच्या ड्रिलांना मारते. ह्यांची कोपऱ्यात तुटून यायला लागली ना, चार-पाच महिने झाले. मला वाटलं, ह्यांच्याकडे चकत्याच कडक येत असतील. फळ्यावर आकडा कमी दिसतो, चारचौघांत ह्यांना खाली बघावं लागतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत बसून करते. नाहीतर ह्यांचे दोनशेसुद्धा निघाले नसते."

जेवणाच्या सुट्टीत. फौजदाराला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला मशीनसकट पोटात घ्यावं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे धार समान लागत नाही, ही तक्रार खरी आहे तर."

"कुणाची तक्रार?" तिने विचारलं.

गवईने फडक्याची घडी घालायला घेतली, ती त्याला काही जमेना.

"माझी," फौजदार म्हणाला. "रिंगाही मीच बदलल्या."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. "आणि तक्रार खरी ठरली तर?"

"काम बाहेर जाणार होतं," साहेब म्हणाले. "तुम्ही पॅकिंगला."

ती स्टुलावरून उठली, हातमोजे ग्राइंडरवर ठेवले आणि शेडमधून चालत सरळ चार नंबरसमोर जाऊन उभी राहिली. मागोमाग तिघंही आले. एवढ्या वर्षांत ती त्याच्या मशीनपाशी कधी आली नव्हती. धारेच्या खोलीला कधी सवडच नसे. तिने बाजूला ठेवलेली चकती बोटाने चाचपून पाहिली, चालू मशीनमध्ये ड्रिलवर पडणारी पाण्याची धार पाहिली, मग पॅनेलवरच्या गोल बटणाकडे पाहिलं. काटा एकशे तीसवर होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"सहा महिने."

"आता कळलं, ह्यांचीच का तुटतात," ती म्हणाली. "माझी धार खाताय तुम्ही रोज. एवढी कसली घाई असते? वाचलेल्या वेळात जाता कुठे?"

साहेब उभे होते. गवई उभा होता. शेजारच्या मशीनवरच्यांचे कान इकडेच होते. फौजदाराला एखादं खोटं सुचलं असतं तर त्याने ते सांगितलं असतं, पण सहा महिन्यांत त्याने सगळी बुद्धी संशयावर खर्च केली होती.

"नळावर," तो म्हणाला. "तुझ्या खिडकीसमोरच्या. तिथून तू दिसतेस. तुझ्यापाशी कोण उभं आहे ते दिसतं."

गवईने मान खाली घातली. हसला असता तर फौजदाराला बरं वाटलं असतं, भांडायला तरी कारण मिळालं असतं. पण तो हसला नाही. "मी मशीनवर जातो," म्हणाला आणि निघून गेला.

ती त्या बटणाकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायची तिने तसदी घेतली नाही.

"मला वाटायचं, एवढं पाणी पिताय म्हणजे काहीतरी दुखणं असेल," ती म्हणाली. "डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागायचा विचार होता माझा."

मग तिने हात पुढे करून बटण शंभरावर आणलं. मशीनचा आवाज एकदम शांत झाला.

"साहेब, ह्यांची तक्रार बरोबर आहे," ती म्हणाली. "माणूस बघून धार लावत होते मी. सोमवारपासून सगळ्यांना सारखी लागेल."

"अगं, तसं नको," फौजदार म्हणाला. "ऐक तरी."

"आता काय ऐकू? तुम्हीच लिहून दिलंत ना, समान हवी म्हणून?"

लिहून दिलं नव्हतं, नुसतं तोंडी सांगितलं होतं. पण हे सांगण्याची ती वेळ नव्हती, एवढं त्यालाही कळलं. काम बाहेर जाणार नाही, धारेची खोली आहे तशीच राहील, असं साहेब तिथल्या तिथे बोलले आणि केबिनकडे वळले.

सोमवारी लाल रिंगेचं ड्रिल नळीत बसून आलं. फौजदाराने ते भिंगाखाली धरलं. धार स्वच्छ होती, नेमकी होती, खोट काढायला कुठे जागा नव्हती. हाताने मारलेली ती बारीक कड मात्र नव्हती. त्याने बटण शंभरावर ठेवलं आणि दिवसभर नळाकडे फिरकला नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती जिन्याखालच्या बाकावर आली. चार महिन्यांत पहिल्यांदा. समोर बसली, डबा उघडला, भाजी त्याच्याकडे सरकवली. "मीठ कमी झालंय का?" एवढंच विचारलं. तो नाही म्हणाला. मग दोघंही जेवत राहिली. तिची बोटं आता स्वच्छ होती, फाइलचा काळा डाग कुठेच नव्हता. हा डाग तिच्या बोटांवर रोज असायचा आणि आपण त्याबद्दल कधी विचारलं नाही, हे त्याला भाजी चावताना आठवलं.

मंगळवारी दुपारी चार नंबर तीनशेवर थांबलं. फौजदाराने ड्रिल काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि स्वतः धारेच्या खोलीत नेऊन दिलं. तिने ते घेतलं, रांगेत ठेवलं आणि पुढचं उचललं. दाराशी तो जरा थांबला. ग्राइंडर चालूच होता.

मग तो फळ्यापाशी आला आणि चारच्या रकान्यात तीनशे लिहिलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही रकान्यांतला शेवटचा आकडा सारखा दिसत होता. फक्त सातच्या रकान्यात, दोन ओळी वर, गवईच्या वळणदार अक्षरात तीनशे चौऱ्याऐंशी होते. ते खरं तर फौजदाराचे होते. फळा वर्षाअखेरीपर्यंत पुसत नाहीत, आणि तोवर रोज चहाला आलं की त्याला ते तिथेच दिसणार होते.